लातूरच्या पाण्यात एंजल माशांची अंडी आणि पिल्ले : प्रकल्प नोंदी

८ जून

लातूरमधील घरात एंजल माशांच्या एका जोडीपासून पिल्ले वाढवता येतात का, आणि त्यासाठी इथल्या पाण्याचे काय करावे लागते, हे पाहण्यासाठी आजपासून या नोंदी ठेवत आहे. एंजल हा सिक्लिड कुळातील मासा आहे. त्याचे शास्त्रीय वर्णन १८२३ मध्ये झाले. त्याचे मूळ घर म्हणजे दक्षिण अमेरिकेतील अ‍ॅमेझॉनचे खोरे. तिथल्या ज्या संथ, पाणवनस्पतींनी भरलेल्या प्रवाहांत तो राहतो, त्यांत विरघळलेले क्षार फार थोडे असतात. आमच्या बोअरचे पाणी मात्र काळ्या पाषाणाच्या थरांतून झिरपून येते आणि येताना कॅल्शियम व मॅग्नेशियम इतके घेऊन येते, की बादलीच्या कडेला आणि गिझरच्या कॉइलवर थोड्याच दिवसांत पांढरा थर बसतो. असे क्षार जास्त असलेले पाणी जड, कमी असलेले मऊ. पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण मोजणाऱ्या टीडीएस मीटरने आज ८२० (दर लिटरला मिलिग्रॅम) आकडा दाखवला. पाणी आम्ल की अल्कधर्मी हे सांगणारा पीएच ८.१ आहे, म्हणजे ते अल्कधर्मी आहे.

वाढलेले एंजल या पाण्यात चांगले राहतात, कारण दुकानांत मिळणारे मासे कित्येक पिढ्या टाक्यांतच वाढलेले असतात आणि त्यांनी जड पाण्याशी जुळवून घेतलेले असते. अडचण अंड्यांची असते. मऊ पाण्यातील माशांची अंडी जड पाण्यात कमी फलित होतात आणि त्यांची वाढ अर्धवट थांबते, असे ही जात वाढवणारे बहुतेक जण सांगतात. ते आपल्या पाण्यात कितपत खरे ठरते, हे या प्रकल्पातील पहिले पाहणे आहे.

जोडी विकत घेतलेली नाही. एंजलमध्ये नर-मादी बाहेरून ओळखता येत नाहीत, म्हणून सहा लहान मासे एकत्र वाढवले आणि त्यांची त्यांना जोडी जमवू दिली. दोन मासे टाकीचा एक कोपरा अडवून बाकीच्यांना हाकलू लागले, तेव्हा त्या दोघांना वेगळ्या टाकीत हलवले. ही टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे. तिच्यात सुमारे ऐंशी लिटर पाणी मावते. तळाला वाळू नाही, त्यामुळे घाण चटकन दिसते आणि काढता येते. स्पंज फिल्टर मोठ्या टाकीत बरेच दिवस चालवून मग इथे आणला आहे, म्हणजे अमोनिया खाणारे जिवाणू त्यात आधीच वसलेले आहेत.

एंजल उभ्या पृष्ठभागावर अंडी घालतो. निसर्गात तो रुंद पान निवडतो, टाकीत फिल्टरची नळी किंवा काचही निवडतो. त्याला जागा द्यायची म्हणून घरातील शहाबादी फरशीचा तुकडा लावावा, असा विचार कोणाच्याही मनात सहज येईल. पण शहाबादी हा चुनखडीचा दगड आहे, कडप्पाही तसाच आहे, आणि पाणी मऊ करू लागलो की हे दोन्ही दगड त्यात हळूहळू विरघळून ते पुन्हा जड करतील. म्हणून पीव्हीसी पाइपचा एक फूट लांबीचा तुकडा किंचित तिरपा उभा केला आहे आणि शेजारी कुंडीत लावलेले अ‍ॅमेझॉन स्वोर्ड या रुंद पानांच्या पाणवनस्पतीचे झाड ठेवले आहे.

१४ जून

काल दिवसभर दोन्ही मासे पाइप तोंडाने घासून स्वच्छ करत होते. दोघांच्या पोटाखाली प्रजनननलिका दिसू लागल्या होत्या. एकाची बारीक व टोकदार, तो नर. दुसऱ्याची जाड व बोथट, ती मादी. हा फरक फक्त अंडी घालण्याच्या सुमारास दिसतो, आणि नर-मादी ठरवण्याचा एवढाच भरवशाचा पुरावा आहे.

आज सायंकाळी मादीने पाइपवर खालून वर सरकत अंड्यांची एक ओळ चिकटवली, मागोमाग नर त्याच ओळीवरून गेला, मग दुसरी ओळ, मग तिसरी. दोन तास हे चालले होते. पाणी पूर्णपणे बोअरचेच आहे. तापमान ३० अंश.

१६ जून

बहुतेक अंडी पांढरी पडली. जिवंत अंडे राजगिऱ्याच्या दाण्याएवढे आणि पारदर्शक, किंचित पिवळसर असते. फलित न झालेले अंडे दिवसभरात दुधासारखे अपारदर्शक होते आणि दुसऱ्या दिवशी त्यावर बुरशीचे तंतू दिसू लागतात. आई-बाप पांढरी अंडी वेचून खात राहिले आणि आज दुपारपर्यंत पाइप मोकळा झाला.

यावरून पाण्यालाच दोष देता येणार नाही. तरुण जोडीची पहिली अंडी अशीच जातात आणि खाल्लीही जातात. पण पुढच्या वेळी जोडी तीच, टाकी तीच आणि पाणी वेगळे असेल, तर तुलना करायला काहीतरी हाती राहील.

२२ जून

पाणी मऊ करण्याचे दोन मार्ग होते. घरच्या आरओ यंत्राचे पाणी वापरता येते, पण असे यंत्र जेवढे शुद्ध पाणी देते त्याहून जास्त पाणी नाल्यात सोडते. ज्या शहराला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या शहरात माशांच्या अंड्यांसाठी पाणी वाया घालवणे मला मान्य नाही. दुसरा मार्ग पावसाच्या पाण्याचा. मृगात दोन-तीन सरी झाल्या होत्या, त्यांनी गच्ची धुऊन निघाली. ते पाणी घेतले नाही, कारण उन्हाळाभराची धूळ आणि पाखरांची विष्ठा त्यात असते. काल आर्द्राच्या तोंडावर चांगला पाऊस झाला तेव्हा गच्चीवर मोठी टबे मांडून थेट आभाळाचे पाणी धरले. गच्चीच्या पन्हाळीतून येणारे पाणी सिमेंटवरून वाहते आणि त्यात चुना उतरतो, म्हणून ते टाळले. पाणी दोन ड्रममध्ये भरून तोंडाला दुहेरी मलमल बांधली, नाहीतर आठवडाभरात डासांच्या अळ्या झाल्या असत्या.

पावसाच्या पाण्याचा टीडीएस २५ आला. नुसते हे पाणी टाकीत भरणे मात्र धोक्याचे आहे. त्यात आम्ल शोषून घेणारे बायकार्बोनेट जवळजवळ नसते, त्यामुळे माशांच्या विष्ठेने आणि फिल्टरमधील जिवाणूंच्या कामाने तयार होणारे आम्ल पीएच एकाएकी खाली ओढू शकते. बोअरच्या पाण्यात तेच बायकार्बोनेट भरपूर आहे. म्हणजे ज्या पाण्याने अंड्यांची अडचण केली, तेच थोड्या प्रमाणात टाकीला सावरून धरते. एक भाग बोअर आणि तीन भाग पाऊस असे मिश्रण बादलीत करून पाहिले. टीडीएस २२५ च्या आसपास आणि पीएच ७.४ आला. हेच लक्ष्य ठेवले आहे.

टाकीतील पाणी एकदम बदललेले नाही. रोज पाचवा हिस्सा काढून तेवढेच पावसाचे पाणी बारीक नळीने सोडत आहे. क्षार एकदम घटले तर माशाच्या शरीरात बाहेरून पाणी शिरते आणि कल्ल्यांवर व मूत्रपिंडांवर ताण येतो. काढलेले पाणी कडीपत्त्याला आणि जास्वंदीला जाते, आणि झाडांना ते साध्या पाण्यापेक्षा मानवते.

२७ जून

सायंकाळी पाचच्या सुमारास दुसऱ्यांदा अंडी. अंदाजे तीनशे. टीडीएस २३०, तापमान २८ अंश, हीटर त्यावरच लावलेला आहे.

ही अंडी आई-बापांपासून वेगळी काढायची, असे आधीच ठरवले होते. पाइप पाण्याबाहेर फार वेळ राहू नये म्हणून मोठ्या काचेच्या भांड्यात टाकीचेच पाणी घेऊन त्यात पाइप बुडवून हलवला आणि एक फुटी पेटीत उभा केला. पेटीतही पाणी त्याच टाकीचे आहे. हवेचा दगड पाइपच्या शेजारी असा ठेवला आहे की बुडबुडे अंड्यांवर न आदळता पाणी त्यांच्यावरून सतत वाहत राहील. टाकीत हे काम आई-बाप कल्ल्यांमागच्या परांनी वारा घालून करतात. अंड्याभोवतीचे पाणी थांबले की तिथला प्राणवायू संपतो.

पाण्यात मिथिलीन ब्लू घातले आहे, पाणी निळे दिसेल पण पाइपवरची अंडी नजरेला पडत राहतील इतकेच. हे औषध मेलेल्या अंड्यांवरची बुरशी शेजारच्या जिवंत अंड्यांवर पसरू देत नाही. मात्र त्याने फिल्टरमधील उपयोगी जिवाणूही मरतात, म्हणून या पेटीत स्पंज फिल्टर लावलेला नाही आणि हे पाणी झाडांनाही घालायचे नाही.

२८ जून

साधारण एक तृतीयांश अंडी पांढरी. दोन तृतीयांश पारदर्शक आहेत. पहिल्या वेळेच्या तुलनेत हा फार मोठा फरक आहे. जोडीचा अनुभव वाढला हेही त्याचे एक कारण असेल, पण पाणी बदलल्यानंतर लगेच हा बदल दिसला आहे, आणि मी तरी पुढे याच पाण्यावर काम करणार आहे.

३० जून

सकाळी पाहिले तर अंडी फुटलेली होती. अठ्ठावीस अंशांना साधारण साठ तासांत ती फुटतात, त्याप्रमाणेच झाले. पिल्ले अजून पोहत नाहीत. त्यांच्या डोक्यावरील ग्रंथींतून निघणाऱ्या चिकट धाग्यांनी ती पाइपला लटकलेली असतात आणि शेपटी थरथरवत राहतात. काही धागे सुटून तळाला पडली आहेत. ती तिथेच थरथरत आहेत. भाचीने पेटीशी वाकून विचारले, “आत्या, खाली पडलेली मेली का गं?” मेली नव्हती. मेलेले पिल्लू पांढरे पडते आणि शेपटी हलवत नाही, एवढे तिला दाखवून दिले, आणि तेव्हापासून मेलेली वेचायला नळी तीच धरते.

निळे पाणी आजपासून दिवसातून दोनदा थोडे थोडे बदलायला घेतले. नवे पाणी त्याच टीडीएसचे आणि त्याच तापमानाचे.

या चार दिवसांत काहीही खायला घालायचे नाही. पिल्लाच्या पोटाला पिवळ्या बलकाची पिशवी असते आणि ती संपेपर्यंत त्याला बाहेरचे अन्न घेता येत नाही, त्याचे तोंडही पुरते तयार झालेले नसते. या काळात टाकलेले प्रत्येक कण अन्न तळाला सडते आणि अमोनिया तयार करते. शहरातील एका दुकानदाराने उकडलेल्या अंड्याचा बलक कापडातून गाळून घालण्याचा सल्ला दिला होता. तो पुष्कळ जण वापरतात, स्वस्तही आहे, परंतु दहा-बारा लिटरच्या पेटीत बलकाचा चिमूटभर गाळसुद्धा काही तासांत पाणी नासवतो. मी तो वापरणार नाही.

२ जुलै

आर्टेमियाची तयारी सुरू केली. उद्या-परवा पिल्ले पोहू लागतील आणि त्या दिवशी जिवंत खाद्य हाताशी नसेल तर आतापर्यंतचे सगळे काम वाया जाईल.

आर्टेमिया हा खाऱ्या सरोवरांत राहणारा लहान कवचधारी जीव आहे. त्याची सुप्त अंडी कोरडी करून डब्यांत मिळतात; जगभर विकली जाणारी बरीचशी अंडी अमेरिकेतील युटा राज्याच्या ग्रेट सॉल्ट लेकमधून येतात. डबा उघडल्यावर ओलावा लागला की अंडी निकामी होतात, म्हणून लहान बाटल्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवली आहेत. प्लास्टिकची बाटली तळ कापून उलटी टांगली, एक लिटर पाण्यात साधारण तीस ग्रॅम जाडे मीठ विरघळवले, पाव चमचा अंडी टाकली आणि तळातून जोरात हवा सोडली. इथे मात्र बोअरचे जड पाणीच घेतले आहे, कारण आर्टेमियाला अल्कधर्मी पाणी लागते. वर दिवा चालू ठेवला. अठ्ठावीस अंशांना चोवीस तासांत पिल्ले बाहेर येतात आणि पाणी केशरी दिसू लागते.

गाळण्याची रीत नीट सांभाळावी लागते. हवा बंद केल्यावर रिकामी टरफले वर तरंगतात, न फुटलेली अंडी तळाला बसतात. जिवंत पिल्ले प्रकाशाकडे जातात, म्हणून बाटलीचा वरचा भाग काळ्या कापडाने झाकून खालच्या बाजूला बॅटरीचा उजेड धरला की ती तिथे गोळा होतात. सुरुवातीचे चमचाभर पाणी सोडून दिले की न फुटलेली अंडी निघून जातात, मग केशरी पाणी बारीक विणीच्या रेशमी कापडावर घ्यायचे आणि गोड्या पाण्याने धुऊन मीठ काढायचे. टरफले एंजलच्या पिल्लांनी गिळली तर आतड्यात अडकतात, त्यामुळे या पायरीला मी घाई करत नाही. आर्टेमियाची पिल्ले फुटल्यानंतर पहिल्या काही तासांतच सर्वांत पौष्टिक असतात, त्यांच्या स्वतःच्या बलकामुळे. नंतर ती स्वतःचाच साठा जाळू लागतात. म्हणून एकच मोठी बाटली लावण्याऐवजी दोन लहान बाटल्या बारा तासांच्या अंतराने लावल्या आहेत.

जोडीला सूक्ष्मकृमींची एक डबी आहे. तयार कृमींचा थोडा भाग ज्वारीच्या पिठाच्या घट्ट शिजवलेल्या खळीवर टाकला, वर चिमूटभर यीस्ट भुरभुरले. कृमी डबीच्या कडेने वर चढतात आणि बोटाने पुसून घेता येतात. ओटच्या खळीवर ते वाढवण्याची पद्धत आहे. ज्वारीवरही ते जोमाने वाढले. पण ते तळाला जातात आणि एंजलची पिल्ले मधल्या पाण्यात खातात, त्यामुळे आर्टेमिया कमी पडला तरच हा आधार.

४ जुलै

पिल्ले पोहू लागली. सकाळी थोडी, दुपारपर्यंत जवळजवळ सगळी. पोटातली पिशवी आटली आहे. पहिला आर्टेमिया दुपारी दिला. खाणाऱ्या पिल्लाचे पोट केशरी दिसते आणि ते भिंगाशिवायही कळते; पारदर्शक पोटाची पिल्ले उपाशी. सायंकाळपर्यंत बहुतेकांची पोटे भरली होती.

आता दिवसातून चार वेळा थोडे थोडे खाद्य आणि प्रत्येक वेळी अर्ध्या तासाने तळ साफ. हवेच्या बारीक नळीचाच सायफन केला आहे आणि त्याचे पाणी पांढऱ्या तसराळ्यात सोडते, म्हणजे चुकून ओढले गेलेले पिल्लू दिसते आणि परत टाकता येते. मिथिलीन ब्लूचा रंग निघून गेल्यावर मोठ्या टाकीतला दुसरा, जुना स्पंज या पेटीत आणला.

७ जुलै

अमोनियाची तपासणी करता कागदाचा रंग किंचित हिरवट झाला. लगेच निम्मे पाणी बदलले. आपल्या पाण्यात ही गोष्ट विशेष जपावी लागते. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक फारसा अपायकारक नसतो आणि दुसरा कल्ल्यांना जाळतो. त्यांचे प्रमाण पीएचवर ठरते. पीएच ७ वरून ८ वर गेला की विषारी रूपाचा वाटा जवळपास दहा पट होतो, आणि पाणी गरम असेल तर आणखी वाढतो. मऊ पाण्यासाठी लिहिलेल्या सूचनांत जेवढा अमोनिया चालेल असे म्हटलेले असते, तेवढाच नुसत्या बोअरच्या पाण्यात पिल्ले मारायला पुरेसा ठरेल. मिश्रणाच्या पाण्याचा फायदा अंड्यांपुरता नाही, हे इथे लक्षात येते.

मृत पिल्ले पहिल्या तीन दिवसांत बरीच निघाली. त्यांतील काही तळाला पोट घासत सरपटत होती. त्यांची हवेची पिशवी भरलीच नव्हती. ती वाचत नाहीत. आता दीडशेच्या आसपास उरली असावीत आणि मरण्याचे प्रमाण ओसरले आहे.

९ जुलै

तिसऱ्यांदा अंडी, पुन्हा पाइपवर. अंडी काढून घेतली की एंजल एक-दोन आठवड्यांत पुन्हा घालतो. या वेळी ती आई-बापांजवळच ठेवली आहेत. औषध नाही. टाकीच्या तीन बाजूंना कागद लावला, कारण समोरून माणूस गेला तरी जोडी बिथरते आणि बिथरलेले आई-बाप अंडी खातात. रात्री एक अगदी मंद दिवा चालू ठेवणार आहे. पूर्ण अंधारात त्यांना अंडी राखता येत नाहीत, आणि आमच्याकडे लाइट जाते तेव्हा खोली एकदम काळोखी होते, म्हणून दिवा इन्व्हर्टरवर घेतला.

११ जुलै

सकाळ-संध्याकाळ लांबून पाहत आहे. दोघे पाळी लावल्यासारखे वारा घालतात. एक दूर जाण्याआधी दुसरा येतो. पांढरे अंडे दिसले की ते शेजारच्या अंड्याला धक्का न लावता ओठांनी अलगद उचलले जाते. माझ्या पेटीत हे काम औषध करत होते, आणि ते पांढरी अंडी काढत नव्हते, फक्त बुरशी रोखत होते. आज अंड्यांत काळे ठिपके दिसले, म्हणजे डोळे.

१२ जुलै

अंडी फुटत असताना आई-बापांनी पिल्ले एकेक करून तोंडात घेतली आणि स्वोर्डच्या रुंद पानावर नेऊन चिकटवली. मला पहिल्या क्षणी ती खात आहेत असेच वाटले असते, पण पान भरत गेले. धागा सुटून पडणारे पिल्लू तळाला पोचण्याआधीच उचलले जाते, तोंडात थोडे घोळवले जाते आणि पुन्हा पानावर थुंकले जाते. घोळवण्याने त्याच्यावरची घाण निघते. सायंकाळी ती सगळी पिल्ले पुन्हा दुसऱ्या पानावर होती.

सिक्लिड कुळातील पालकपणाच्या रीती वेगवेगळ्या आहेत. आपल्याकडे मासळी बाजारात मिळणारी चिलापीसुद्धा याच कुळातली. तिची मादी अंडी आणि पिल्ले तोंडातच सांभाळते. १९५२ मध्ये ती भारतात आणली गेली आणि धरणे-तलावांतून तिचा इतका प्रसार झाला, त्यात या सांभाळण्याचा मोठा वाटा आहे.

१६ जुलै

टाकीतील पिल्ले पोहू लागली. आई-बाप दोन्ही बाजूंनी, थवा मध्ये. थव्यातून भरकटलेले पिल्लू नर तोंडात घेऊन परत आणतो. संख्या पेटीपेक्षा कमी आहे, साठ-सत्तर असतील. अंडी फुटण्यापूर्वीच काही खाल्ली गेली होती. खाद्य देताना एक अडचण येते: थव्यावर आर्टेमिया सोडला तर त्यातला बराच मोठे मासे फस्त करतात. म्हणून मोठ्यांना आधी त्यांचे खाद्य देऊन मग नळीने थेट थव्यात आर्टेमिया सोडत आहे.

१९ जुलै

काल रात्री वादळी पावसात लाइट गेली आणि पहाटेपर्यंत आली नाही. इन्व्हर्टर मध्यरात्रीनंतर उतरला. पॉवर बँकेवर चालणारा लहान हवापंप पेटीला लावला, टाकीला दुसरा. अठ्ठावीस अंशांच्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो आणि स्पंजमधील जिवाणूही तोच वापरतात. हवा बंद पडून काही तास गेले तर पिल्ले गुदमरतातच, शिवाय स्पंज मेला की पुढचे आठ दिवस अमोनियाशी झुंजावे लागते. पाणी २६ अंशांपर्यंत उतरले, त्याने काही बिघडले नाही. सकाळी पहिले खाद्य उशिरा दिले. या भागात हे मासे वाढवणाऱ्याने हीटरआधी बॅटरीवरच्या हवापंपाची सोय करावी, असे माझे मत झाले आहे.

२ ऑगस्ट

पेटीतील पिल्ले मोठ्या टाकीत हलवून आठवडा झाला. सुरुवातीला ती कोणत्याही साध्या माशासारखी लांबट दिसत होती. आता पाठीचा आणि पोटाचा पर वर-खाली वाढून चौकटीच्या एक्क्यासारखा आकार आला आहे. काहींच्या पोटाखालचे लांब तंतूसारखे पर एकाच बाजूला आले आहेत, दोघा-तिघांचे कल्ल्यांचे झाकण आखूड आहे. ती वेगळ्या टाकीत ठेवली. ती घरी राहतील, पण त्यांच्यापासून पुढे पिल्ले घ्यायची नाहीत.

आई-बापांजवळची पिल्ले आकाराने थोडी मागे आहेत, तीही वयाने बारा दिवसांनी लहान आहेत त्यामुळे तुलना सरळ होत नाही. त्यांच्यात व्यंग असलेले एकही अजून दिसलेले नाही. दुबळी पिल्ले आई-बापांनीच पहिल्या दिवसांत काढली असावीत. कृत्रिम रीतीने संख्या मिळते यात शंका नाही, आणि विक्रीसाठी माल तयार करणारे तेच करतात. मला मात्र पुढच्या वेळी अंडी आई-बापांजवळ ठेवायची आहेत.

खाद्यात आता बारीक चुरलेले कोरडे खाद्य मिसळायला सुरुवात केली.

९ ऑगस्ट

पाणी पुन्हा जड करण्यास सुरुवात. ही पिल्ले लातुरात, फार तर औसा-उदगीरकडे कोणाच्या घरी जातील. तिथे त्यांना पावसाचे पाणी कोणी घालणार नाही. मऊ पाण्यात वाढलेले पिल्लू एकदम बोअरच्या पाण्यात सोडले तर ते दोन-तीन दिवसांत मरू शकते, आणि घेऊन जाणाऱ्याला वाटते की मासाच रोगट होता. म्हणून दर आठवड्याला टीडीएस साधारण शंभराने वाढवायचा. वाढवताना पाणी बदलण्याचे प्रमाण तेच ठेवायचे, फक्त बादलीतील बोअरचा वाटा वाढवत न्यायचा. आज ३२०.

३० ऑगस्ट

टीडीएस ६२०, पीएच ७.८. एकही मृत्यू नाही, खाणे जोमाने सुरू आहे. पीएच चढल्यामुळे अमोनियाची तपासणी एक दिवसाआड करत आहे.

२१ सप्टेंबर

गेले आठ दिवस पिल्ले शुद्ध बोअरच्या पाण्यात आहेत, टीडीएस ८१०. शरीराचा आकार रुपयाच्या नाण्याएवढा. आजपासून देण्यास सुरुवात केली, प्रत्येकाला पाच-सहा, म्हणजे वाढल्यावर जोडी आपोआप जमण्याची शक्यता राहील. पिशवीबरोबर कागदावर एवढेच लिहून देत आहे: नळाचे पाणी असेल तर क्लोरीन उडून जाण्यासाठी ते चोवीस तास उघडे ठेवावे किंवा त्यात क्लोरीन काढणारे थेंब घालावेत, पहिल्या दिवशी खाद्य देऊ नये, आणि टाकी दीड फुटापेक्षा कमी उंचीची नसावी, कारण या माशाचे पर उभे वाढतात.

मूळ जोडीला विश्रांती म्हणून पाइप काढून घेतला आहे आणि त्यांची टाकीही हळूहळू जड पाण्यावर आणली आहे. दोन्ही ड्रम आता रिकामे आहेत. परतीच्या पावसात ते पुन्हा भरून घ्यायचे, कारण थंडीत अंडी मिळाली तर त्यांच्यासाठी लागणारे पाणी त्यानंतर जूनपर्यंत मिळणार नाही.